पेटंटच्या अपिलातला वीजवाहक लेप

टचस्क्रीनच्या काचेवर बहुधा इंडियम टिन ऑक्साइडचा लेप असतो. हा लेप प्रकाश आरपार जाऊ देतो आणि वीजही वाहून नेतो. मात्र या दोन गुणांचे आपसांत फारसे पटत नाही: थर जाड केला की विद्युतरोध घटतो, पण पारदर्शकताही उतरते. म्हणून संशोधकांची बरीच मेहनत जाडी, तापमान आणि घटकांचे प्रमाण जुळवण्यात खर्ची पडते. पेटंटचे वादही याच आकड्यांवरून होतात.

नुसत्या नवेपणावर पेटंट मिळत नाही. त्या क्षेत्रातल्या सामान्य जाणकाराला ती कल्पना सहज सुचण्याजोगी नसावी लागते. अमेरिकेत परीक्षक अनेकदा दोन जुने दस्तऐवज जोडून अर्ज फेटाळतो. एकात तोच पदार्थ सापडतो, दुसऱ्यात तशीच जाडी. मग अर्जदार पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाकडे आणि तिथेही हरला तर फेडरल सर्किट न्यायालयात दाद मागतो.

आकड्यांच्या वादात १९५५ चा एलर खटला हमखास पुढे येतो. फिनॉल बनवण्याच्या जुन्या पद्धतीत तापमान १०० अंश सेल्सिअस आणि सल्फ्युरिक आम्ल १० टक्के होते. अर्जदारांनी ४० ते ८० अंश आणि २५ ते ७० टक्के यांवर हक्क सांगितला. तो नामंजूर झाला. मूळ पद्धत माहीत असताना नेहमीचे प्रयोग करून सोयीचा आकडा गाठणे हा शोध नव्हे, असे न्यायालयाने ठरवले.

लेपवाल्यांना हा निकाल जड जातो. त्यातून सुटायचे तर परिणाम अनपेक्षित होता हे दाखवावे लागते, आणि तेही मोजमापांनी: जुना व नवा लेप सारख्याच काचेवर, सारख्याच परिस्थितीत चढवून. वकिलाचा युक्तिवाद कितीही रंगला तरी तो पुरावा ठरत नाही, आणि ते योग्यच आहे.

२००७ मध्ये मोटारीच्या पेडलवरून झालेल्या केएसआर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जाणकाराच्या व्यवहारज्ञानालाही वाव दिला. त्यामुळे परीक्षकांचे काम सोपे झाले. तरीही उत्तर हाती आल्यावर ते सोपेच होते असे म्हणण्याच्या मोहापासून न्यायालयाने सावध केले. दस्तऐवज का जोडले, याचे कारण परीक्षकाला द्यावेच लागते.

भारतातही हीच कसोटी आहे. भांडी कातण्याच्या साधनाचे पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये याच मुद्द्यावर अवैध ठरवले. पेटंटची अपिले ऐकणारे मंडळ २०२१ मध्ये बंद झाले. तेव्हापासून ती उच्च न्यायालयांत चालतात.