गाढव, कुंभार आणि आठवं सिलिंडर

मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत एकाने विचारलं होतं की तर्कशास्त्र शिकून व्यवहारात नेमकं काय हाती लागतं. वेळ संपत आली होती म्हणून मी उत्तर पुढे ढकललं. आज ते एका मोटारीच्या इंजिनातून द्यायचं ठरवलंय. हसू नका. वर्गात मी आयुष्यभर कार्यकारणभाव शिकवला, पण हाताला काळं लागेपर्यंत तो पाहिला सत्तरी ओलांडल्यावर, डेट्रॉईटजवळ माझ्या पुतण्याच्या गॅरेजमध्ये.

त्याच्याकडे २००३ सालची मस्टँग कोब्रा आहे. ४.६ लिटरचं, आठ सिलिंडरचं इंजिन. बिडाचा ब्लॉक, अॅल्युमिनियमची हेडं आणि वर बसवलेला सुपरचार्जर. कारखान्यातून निघताना ३९० अश्वशक्तीची गाडी. याने ती बंद अवस्थेत, स्वस्तात घेतली, कारण आधीच्या मालकाच्या हातून आठव्या सिलिंडरचा पिस्टन फुटलेला होता. पठ्ठ्याने स्वतः इंजिन उतरवलं, नवे पिस्टन घातले, पुन्हा बांधलं. हजारेक मैल गाडी छान चालली. मग एके दिवशी मिसिंग सुरू झालं, ताकद गेली, मागून निळा धूर.

मी पोचलो तेव्हा गाडीवर कापड टाकलेलं होतं. म्हणाला, ‘काका, माझ्या हातालाच यश नाही. आहे तशी विकून टाकतो.’

हे वाक्य जरा थांबून ऐका. ‘माझ्या हातामुळे इंजिन गेलं’ हे कार्यकारणाचं विधान आहे. पण ते विधान आहे असं त्याला वाटतच नव्हतं, त्याला ती कबुली वाटत होती. कबुली दिली की माणूस तपास थांबवतो. मी त्याला एवढंच म्हटलं की विकायची तर वीक, पण आधी कारण काढू.

आता ज्यांनी बॉनेट कधी उघडलं नाही त्यांच्यासाठी थोडं यंत्राबद्दल. इंजिन हा मुळात हवेचा पंप आहे. पिस्टन खाली जातो तेव्हा बाहेरच्या वातावरणाचा दाब हवा आत ढकलतो. हा दाब समुद्रसपाटीला सुमारे १४.७ पीएसआय. जेवढी हवा आत, तेवढंच पेट्रोल जाळता येतं, तेवढीच ताकद. सुपरचार्जर हा क्रँकवरून पट्ट्याने फिरणारा दुसरा पंप. तो जास्तीची हवा कोंबतो. या गाडीत मूळचा जास्तीचा दाब साधारण ८ पीएसआय. म्हणजे १४.७ अधिक ८, एकूण २२.७. साध्या इंजिनाच्या जवळजवळ दीडपट हवा.

पण फुकट काही मिळत नाही. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलरमधून थंड करून घ्यावी लागते. आणि हवा वाढली की पेट्रोलही त्या प्रमाणात वाढवावं लागतं. एरवी १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल हा हिशोब असतो. सुपरचार्जरचा जोर असताना मुद्दाम जास्त पेट्रोल देतात, साधारण साडेअकरा ते बारा भाग हवेला एक. त्याने आतलं तापमान आटोक्यात राहतं. पेट्रोल कमी पडलं तर? ठिणगीने पेटलेली ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. याला आपले मेकॅनिक नॉकिंग म्हणतात. पिस्टनवर हातोडा मारल्यासारखाच तो परिणाम असतो, आणि पहिली मोडते ती दोन रिंगांमधली पातळ भिंत.

ही किंमत जुन्या लोकांनाही ठाऊक होती. १९२९च्या सुमारास टिम बर्किन या शर्यतपटूच्या आग्रहाने साडेचार लिटरच्या बेंटलीला सुपरचार्जर लावला गेला, तेव्हा खुद्द डब्ल्यू. ओ. बेंटलींचा त्याला विरोध होता. ताकद हवी असेल तर इंजिन मोठं करा, हे त्यांचं मत. त्यांच्या साडेसहा लिटरच्या स्पीड सिक्सने १९२९ आणि १९३० असं दोनदा ले मां जिंकलं, ‘ब्लोअर बेंटली’ने एकदाही नाही. सुपरचार्जर वाईट असतो असा याचा अर्थ नाही. तो इंजिनाच्या सहनशक्तीतली शिल्लक खर्च करतो, एवढंच. शिल्लक कमी असली की लहान चूकही महाग पडते.

आता तपासाकडे येऊ. पहिला नियम असा, की खोलण्याआधी विचारा. एकदा नट सैल केला की अर्धे पुरावे जातात.

आम्ही आधी सगळे प्लग काढले, प्रत्येक प्लग त्याच्या सिलिंडरच्या क्रमाने पुठ्ठ्यावर मांडला. सात प्लग ठीक. आठव्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिरपुडीसारखे बारीक ठिपके आणि त्यांत काही चकाकणारे. ते पिस्टनचं अॅल्युमिनियम. नॉकिंगची खूण. मग कॉम्प्रेशन मोजलं. सात सिलिंडर दीडशे पीएसआयच्या आसपास, आठवं सत्तर.

पण दाब जातो कुठून? त्यासाठी दुसरी चाचणी. पिस्टन अगदी वर आणून थांबवायचा आणि प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडायची. मग कान लावायचा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय. हवा आत घेण्याच्या बाजूने आली तर इनटेक व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. ऑईल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा किंवा पिस्टन. आमच्याकडे वारा सरळ ऑईलच्या तोंडातून येत होता. धूर दिसला की अग्नीचं अनुमान आपण वर्गात करतो, पण इथे आवाजाच्या दिशेवरून न पाहिलेल्या भेगेचं अनुमान चाललं होतं. दोन दिवसांनी हेड उतरवून पिस्टन काढला तर रिंगांमधली भिंत तुटलेली.

इथे पुष्कळ लोक थांबतात. ‘सापडलं! पिस्टन तुटला होता.’ अहो, पण तुटलेला पिस्टन हे कार्य आहे, कारण नव्हे. पहिल्या वेळी माझा पुतण्याही इथेच थांबला होता. नवा पिस्टन घातला आणि तो त्याच जागी तुटला.

मग आम्ही कागदावर आरोपी लिहिले. पहिला, ऑईल, कारण इंजिन गेलं त्याच आठवड्यात ते बदललं होतं आणि त्याचे मित्र ऑईललाच शिव्या देत होते. दुसरा, पुली. आधीच्या मालकाने सुपरचार्जरवर लहान पुली बसवली होती. लहान पुली म्हणजे सुपरचार्जर जास्त वेगाने फिरतो. त्यामुळे जास्तीचा दाब ८ वरून १२ झालेला. तिसरा आरोपी खुद्द पुतण्याचा हात, आणि चौथा पेट्रोल.

ऑईलपाशी मला आपल्या नैयायिकांचं गाढव आठवलं. कुंभार घडा करतो. माती कारण, चाक कारण, कुंभार कारण. पण माती वाहून आणणारं गाढवही घड्याच्या आधी तिथे हजर होतंच की! ते कारण का नाही? कारण त्याच्यावाचून घडा होऊ शकतो. माती बैलगाडीतून आणा, डोक्यावरून आणा. जे आधी असतं ते सगळं कारण नसतं. त्याला ते अन्यथासिद्ध म्हणतात. आमचं ऑईल हे ते गाढव होतं. ते आठही सिलिंडरांना एकाच पंपातून जातं, बेअरिंगं उघडली तर गुळगुळीत होती, आणि पहिल्या वेळी पिस्टन फुटला तेव्हा हे ऑईल नव्हतंच.

पुलीचं प्रकरण जास्त नाजूक. तिने इंजिनावरचा ताण निश्चित वाढवला. पण तिचा ताण आठही सिलिंडरांवर सारखाच. मग आठवंच का? जे सगळ्यांना समान आहे ते एकट्याच्या वेगळेपणाचं पुरेसं कारण होऊ शकत नाही. पुलीने सगळ्यांना कड्याच्या टोकावर उभं केलं होतं, पण एकाला ढकललं कोणी?

आता हात. हाताला दोषी ठरवायचं तर कोणता पुरावा दिसायला हवा? हा प्रश्न त्याने स्वतःला विचारलाच नव्हता. पिस्टनच्या रिंगेच्या दोन टोकांत फट ठेवतात. सुपरचार्जरच्या इंजिनात ती थोडी जास्त हवी, आणि या नव्वद मिलिमीटर बोअरच्या इंजिनात ती साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येते. फट कमी ठेवली तर रिंग तापून फुगते, टोकं एकमेकांना भिडतात आणि अशानेही हीच भिंत मोडते. म्हणजे बांधणाऱ्याची चूक आणि नॉकिंग, दोन्हींचं फळ एकच! पण भिडलेली टोकं घासून चकचकीत होतात. आम्ही भिंगाखाली टोकं पाहिली. मंद, करड्या रंगाची. भिडलेली नव्हती. पुतण्या बराच वेळ ती रिंग बोटांत फिरवत बसला होता. मी काही बोललो नाही.

राहिलं पेट्रोल. तो म्हणाला, ‘पण गेज तर बारा दाखवत होतं!’ हवा आणि पेट्रोलचं प्रमाण दाखवणारं गेज त्याने लावलेलं होतं. मी विचारलं, सेन्सर कुठे आहे? तर डावीकडच्या चार सिलिंडरांचा धूर एकत्र होतो तिथे. म्हणजे गेज सरासरी सांगतं. हिशोब करून पाहा. तीन सिलिंडर साडेअकरावर आहेत आणि चौथ्याला पंधरा टक्के पेट्रोल कमी जातंय. त्या एकाचं प्रमाण साडेतेराच्या वर जाईल. आणि गेज? जवळजवळ बारा. बारा म्हणजे सुरक्षित! सरासरी खरी होती, आणि तिच्याआड एक सिलिंडर जळत होतं.

आठही इंजेक्टर एका वर्कशॉपमध्ये यंत्रावर मोजून घेतले. सात जवळजवळ सारखे. आठवा पंधरा टक्के कमी. आणि तो दोन्ही वेळा आठव्यातच कसा? कारण पेट्रोलच्या नळीसकट आठही इंजेक्टर एका ओळीत उचलले जातात आणि तसेच परत बसतात. पहिल्या वेळी त्याने पिस्टन बदलला, गुन्हेगाराला मात्र पुसून त्याच खोलीत परत नेऊन बसवलं.

म्हणजे हात निर्दोष होता का? नाही. जुने इंजेक्टर न तपासता वापरले, ही त्याची चूक. पण ‘माझ्या हाताला यश नाही’ आणि ‘मी इंजेक्टर तपासले नाहीत’ या दोन वाक्यांत फरक बघा. पहिल्या वाक्यावर काही उपाय नाही. दुसऱ्यावर एका दिवसात उपाय होतो.

बांधणी थोडक्यात सांगतो. आठव्या बोअरला ओरखडे होते, म्हणून आठही सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घेतले. होनिंग करताना हेडच्या जागी जाड लोखंडी प्लेट आवळली, कारण बोल्ट आवळल्यावर ब्लॉक किंचित आकार बदलतो आणि सिलिंडर त्या अवस्थेत गोल हवा. प्रत्येक रिंग तिच्याच बोअरमध्ये घालून फट मोजली आणि लिहून ठेवली. बेअरिंगमध्ये मेणासारखा बारीक दोरा ठेवून, आवळून, पुन्हा उघडून तो किती पसरला यावरून जागा मोजली. ऑईलच्या वाटा धुतल्या, ऑईल कूलर नवा घेतला, कारण तुटलेल्या पिस्टनचा चुरा तिथे लपतो आणि नव्या बेअरिंगांत येऊन बसतो. इंजेक्टर आठही नवे, मोजून जुळवलेले. आणि सुरू करण्याआधी ठिणगी बंद ठेवून, ऑईलचा दाब येईपर्यंत इंजिन नुसतं फिरवलं.

शेवटी कोणीतरी विचारणारच म्हणून सांगतो. हो, पुलीही बदलली. कारखान्यातली मोठी पुली परत लावली. मी म्हटलं, आता तर खरा गुन्हेगार सापडला, मग ही का काढतोस? तर म्हणाला, ‘काका, पुढच्या वेळी कुठलं सिलिंडर अशक्त निघेल ते मला आज माहीत नाही. थोडी शिल्लक असू दे.’

मी परत यायला निघालो तेव्हा विमानतळावर सोडायला तीच गाडी होती. गॅरेजच्या भिंतीवर त्याने आठ रकान्यांचा तक्ता लावलाय. प्रत्येक रकान्यात कॉम्प्रेशन, रिंगेची फट, इंजेक्टरचं माप. सरासरीचा रकाना ठेवलेला नाही.

चला, आता प्रश्न घेऊ.