टॅबलेटवर रोजचं काम भागेल का?

आयपॅड २०१० साली आला, तेव्हा तो मुख्यतः वाचण्या-पाहण्याचं साधन होता. २०१५ मध्ये आयपॅड प्रोसोबत जोडकीबोर्ड आणि पेन्सिल आली. २०२० पासून ट्रॅकपॅडचीही नीट सोय झाली. मग लॅपटॉप हवाच कशाला?

याचं उत्तर तुमच्या कामात आहे. ईमेल, व्हिडिओ कॉल, पत्रं, पीडीएफवर खुणा आणि ऑनलाइन तास एवढंच काम असेल, तर टॅबलेट पुरतो. तो हलका असतो आणि बहुतेक टॅबलेटमध्ये पंखा नसल्याने आवाजही नसतो. विद्यार्थ्याला पडद्यावरच हाताने टिपणं काढता येतात, ही सोय साध्या लॅपटॉपमध्ये नाही.

घोडं अडतं ते सॉफ्टवेअरपाशी. हिशेबाचं टॅली आणि मराठी छपाईत रुळलेली श्रीलिपी ही विंडोजवर चालणारी सॉफ्टवेअर आहेत. एक्सेलच्या मोबाइल ॲपमध्ये मॅक्रो चालत नाहीत. ई-निविदेला लागणारं डिजिटल सहीचं यूएसबी टोकनही सहसा संगणकच मागतं. दोन-तीन खिडक्या शेजारी उघडून आकडे ताडून पाहायचे, तर छोटा पडदा अपुरा पडतो.

खर्चही नीट मोजा. कीबोर्ड आणि पेन अनेकदा वेगळे घ्यावे लागतात. ते धरले की चांगला टॅबलेट मध्यम लॅपटॉपइतका महाग पडू शकतो.

म्हणून खरेदीआधी आठवडाभर एक यादी ठेवा: रोज कोणकोणती सॉफ्टवेअर उघडली? ती सगळी टॅबलेटवर चालत असतील, तर निर्धास्त घ्या. एखादं जरी अडत असेल आणि त्यावर तुमची रोजीरोटी असेल, तर लॅपटॉपच घ्या.