राजवाड्यात फुग्याचा कुत्रा

जत्रेतला फुगेवाला लांबट फुगा पिरगाळून पोराच्या हातात कुत्रा देतो, तो सगळ्यांनी पाहिलेला असतो. जेफ कून्स या अमेरिकन शिल्पकाराने तसाच कुत्रा आरशासारख्या लखलखीत स्टेनलेस स्टीलमध्ये घडवला, दहा फूट उंच, गडद गुलाबी. सप्टेंबर २००८ मध्ये तो पॅरिसजवळच्या व्हर्साय राजवाड्यात, संगमरवर आणि सोनेरी नक्षीच्या मधोमध उभा राहिला. पुढच्या एका दालनात छताखाली लाल शेवंड टांगलेली होती, तर दुसऱ्या दालनात, जिथे चौदाव्या लुईचा पुतळा आहे, तिथे चिनी मातीचा मायकेल जॅक्सन आपल्या माकडाला घेऊन विसावला होता.

फ्रेंच माणसे खवळली. राजघराण्याचा एक वंशज पूर्वजांचा अपमान झाला म्हणून कोर्टात गेला; कोर्टाने त्याचे ऐकले नाही. २०१० मध्ये जपानच्या ताकाशी मुराकामींची कार्टूनसारखी हसरी फुले तिथे आली, तेव्हा पुन्हा तेच.

या संतापाला हसण्याचे कारण नाही. आमच्या दुधनीपासून जवळच अक्कलकोटच्या राजवाड्यात शस्त्रसंग्रहालय आहे. तिथल्या तलवारी-बंदुकांच्या रांगेत कोणी गुलाबी कुत्रा ठेवला, तर मोर्चा दोनदा निघेल, एकदा मराठीतून आणि एकदा कन्नडमधून!

पण राजवाडे म्हणजे जुन्या वस्तूंची कोठारे, हा समज आपला, राजांचा नव्हता. चौदाव्या लुईने आरसेमहालाचे छत रंगवायला ल ब्रँ या आपल्या काळातल्या, हयात चित्रकारालाच लावले. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८८८ मध्ये राजा रविवर्म्यांकडून चौदा पौराणिक चित्रे मागवली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या संग्रहालयात हेन्री मूर या विसाव्या शतकातल्या इंग्रज शिल्पकाराचे ‘आई आणि मूल’ आहे. साताऱ्याच्या माणदेशात हेन्री मूर!

रविवर्म्यांची गोष्ट तर याहून बोलकी. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि राजवाड्यांत शोभणाऱ्या देवदेवता रंगीत छापील चित्रांच्या रूपाने किराणा दुकानात, देवघरात, चुलीच्या धुराने काळवंडलेल्या भिंतींवर आल्या. राजवाड्यातले चित्र पायऱ्या उतरून बाजारात आले. साठ-सत्तर वर्षांनी पाश्चात्त्य पॉप आर्टने उलटा प्रवास सुरू केला. सूपचे डबे, जाहिराती, चित्रकथा यांना त्या मंडळींनी चौकटीत बसवले आणि कून्सच्या कुत्र्याने राजवाड्याच्या पायऱ्या चढल्या. कुत्रा चढला यात मला काही वावगे दिसत नाही.

माझी हरकत निराळी आहे, आणि ती बँकेतल्या नोकरीची खोड समजा. व्हर्सायमधली काही शिल्पे फ्रान्स्वा पिनो या अब्जाधीश संग्राहकाच्या मालकीची होती. राजवाड्याचे तेव्हाचे प्रमुख झाँ-झाक आयागाँ हे पूर्वी पिनो यांच्याच व्हेनिसमधल्या कलादालनाचे संचालक. त्यावर टीका झाली, पण राजवंशाच्या अपमानाच्या गलक्यात ती मागे पडली. कर्जाच्या प्रकरणात तारणाचे मूल्यांकन करणारा कर्जदाराच्या ओळखीतला निघाला, तर आम्ही फाइल परत पाठवत असू. अशाच एका नारिंगी कुत्र्याला २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५ कोटी ८४ लाख डॉलर मिळाले. ते व्हर्सायमुळेच, असे कोण म्हणेल? पण राजवाड्याचा शिक्का बसलेल्या मालाचा भाव उतरत नसतो, आणि हा राजवाडा सरकारी, म्हणजे जनतेचा आहे.

तेव्हा आपल्याकडच्या राजवाड्यांनी नवी कला जरूर मांडावी. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरत होते. तसे फलक रंगवणारे हात सोलापूरकडेही होते, डिजिटल फ्लेक्सने त्यांचे काम हिरावले. त्यांचा एखादा वीस फुटी नायक अक्कलकोटच्या भिंतीवर मला पाहायला आवडेल. मात्र खाली पाटीवर चित्रकाराच्या नावाबरोबर मालकाचेही नाव लिहावे, तिकीट काढून येणाऱ्याला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत.