पडद्यावरील असुर आणि खेळाडूंची तक्रार

पुण्यांतील नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेनें २०२० सालीं ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा व्हिडिओ गेम जगापुढें आणिला. असुरांनीं पळविलेल्या गोलू या भावाच्या शोधार्थ राजी त्रिशूळ घेऊन निघते; अखेरीस तिची गांठ महाबलासुराशीं पडते. अशा बलाढ्य शत्रूस खेळाडू ‘बॉस’ म्हणतात.

त्यांतील राजवाड्यांची शोभा खेळाडूंनीं वाखाणिली. मात्र लढतांना हालचाल अडखळते, शेवट अकस्मात् होतो, अशी तक्रारही पुष्कळांनीं केली. अशा तक्रारींत विवेक करावयास हवा. बॉसचा प्रहार आधीं ओळखूं येत असेल आणि चार वेळां हरल्यावर तो चुकवितां येत असेल, तर तो कठीणपणा खेळाचें भूषणच होय. शत्रूचें बळ व खेळाडूचीं साधनें यांचा मेळच नसेल, तर समतोल ढळला. कळ दाबूनही नायिका हललीच नाहीं, तर तो ‘बग’, म्हणजे संगणकास दिलेल्या आज्ञांतील चूक. पहिल्यावर उपाय अभ्यास. उरलेल्या दोहोंवर उपाय कर्त्यानेंच करावयाचा. ‘राजी’च्या मागाहून निघालेल्या आवृत्तींत लढाईची रीत सुधारण्यांत आली.

स्वतःच्या चुकीनें हरलेला खेळाडू पुन्हां खेळावयास बसतो. कर्त्याच्या चुकीनें हरलेला खेळ सोडून उठतो.