प्राध्यापकांनी पुन्हा शिकायचं कशाला? सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुण्याच्या कसबा पेठेसारख्या जुन्या वस्तीतही आता घरोघरी कुणी ना कुणी कॉलेजात शिकतं, शिकवतं किंवा पीएच.डी.चा प्रबंध लिहीत असतं. त्यामुळे सुट्टीत शेजारचे प्राध्यापक 'रिफ्रेशर' प्रशिक्षणाला निघाले की प्रश्न येतोच: इतकं शिकल्यावर यांना पुन्हा शिकायची काय गरज? चॅटजीपीटी आल्यापासून त्यात आणखी प्रश्नांची भर पडली आहे. मुलांनी लिहिलेलं त्यांचं स्वतःचं कशावरून? चोरी पकडायची कुणी आणि कशी? हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण त्यांच्याभोवती गैरसमजही बरेच जमले आहेत. त्यातले सहा इथे तपासू.

गैरसमज १: सेट-नेटसारखी पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. झाली की शिकवता येतंच.

वस्तुस्थिती: शाळेत शिकवायचं तर डी.एड. किंवा बी.एड. लागतं. महाविद्यालयात मात्र शिकवण्याची वेगळी पदवी लागत नाही. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा आपलंच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. तिचा पहिला पेपर ५० प्रश्नांचा आणि १०० गुणांचा. त्यात अध्यापन क्षमतेवर प्रश्न असतात, पण सगळे पर्याय निवडून उत्तर द्यायचे. प्रत्यक्ष वर्ग कसा घेता, हे या परीक्षेत कुणी पाहत नाही.

कसब्यातल्या तांबट आळीत तांब्याचे गुणधर्म पाठ आहेत म्हणून कुणाच्या हाती हंडा घडवायला देत नाहीत. हातोडीची मठार नीट पडायला जाणत्याशेजारी बसून हात तयार करावा लागतो. शिकवणंही असंच वेगळं कौशल्य आहे आणि त्याचा विद्यार्थ्यांवर होणारा परिणाम मोजता येतो. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नुसतं व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत नापास होण्याचं सरासरी प्रमाण सुमारे ३४ टक्के होतं. मुलांना वर्गातच प्रश्न सोडवायला, चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांत ते सुमारे २२ टक्के होतं.

गैरसमज २: 'रिफ्रेशर'सारखी प्रशिक्षणं म्हणजे बढतीसाठीचा कागद.

वस्तुस्थिती: बढतीशी त्यांचा संबंध आहे, हे खरं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला पुढच्या टप्प्यावर जाण्यासाठी ओरिएंटेशन, रिफ्रेशर असे अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात. पण ही प्रशिक्षणं देणाऱ्या केंद्रांचा उगम बढतीच्या नियमांत नाही. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर देशभर 'अकॅडमिक स्टाफ कॉलेज' सुरू झाली. नव्या प्राध्यापकांना अध्यापनाची ओळख व्हावी आणि जुन्यांनी आपल्या विषयातल्या नव्या गोष्टी शिकत राहाव्यात, हा त्यामागचा विचार होता. पुढे ती मानव संसाधन विकास केंद्रं झाली. ५ सप्टेंबर २०२३ रोजी मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून ती त्या नावाने ओळखली जातात.

प्रमाणपत्रापुरती हजेरी लावणारे असतात आणि पाट्या टाकणारे वक्तेही असतात. म्हणून मागणी करायची ती प्रशिक्षण बंद करण्याची नव्हे, ते सुधारण्याची. शिबिराहून परतलेल्या प्राध्यापकाच्या वर्गात काय बदललं, हे महाविद्यालयाने विचारलं पाहिजे. आज फक्त प्रमाणपत्राची झेरॉक्स मागितली जाते.

गैरसमज ३: तंत्रज्ञान म्हणजे पीपीटी आणि स्मार्ट बोर्ड.

वस्तुस्थिती: फळ्यावरचं पडद्यावर आलं आणि तेच वाचून दाखवलं, तर शिकवणं बदललेलं नसतं. मोबाइलवर दोन मिनिटांची चाचणी घेऊन वर्गाला नेमकं काय कळलं नाही हे शोधलं आणि उरलेला तास त्यावर दिला, तर ते बदलतं. प्रशिक्षणात शिकायचं ते हे. बटणं कुठली दाबायची, हे तर मुलंही दाखवतील.

गैरसमज ४: इतरांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांच्या आत असलं की चोरी नाही.

वस्तुस्थिती: प्रबंध लिहिणाऱ्यांत हा समज सर्वांत घट्ट आहे. त्याचं मूळ यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांत आहे. त्यात साम्याच्या पायऱ्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यायचा. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर प्रबंध सादर करता येत नाही. त्यापुढे नोंदणीच रद्द. प्राध्यापकांच्या प्रकाशित लेखनात चोरी आढळली तर पायरीनुसार वेतनवाढ थांबते आणि मार्गदर्शक म्हणून काम करण्यावर दोन किंवा तीन वर्षांची बंदी येते.

पण त्याच विनियमांत असंही म्हटलं आहे की सारांश, गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष हा भाग मूळ विचारांचाच हवा आणि त्यात साम्य नको. म्हणजे १० टक्के ही उचलण्याची परवानगी नव्हे. आठ टक्के साम्य नेमकं निष्कर्षांत असेल तर ते गंभीर आहे. उलट, अवतरणचिन्हांत रीतसर घेतलेले उतारे, संदर्भसूची, कायद्यांची कलमं यांच्यामुळे वाढलेला आकडा निरुपद्रवी असतो आणि तो मोजणीतून वगळायचाच असतो. सॉफ्टवेअर फक्त शब्दांचं साम्य दाखवतं; ती चोरी आहे का, हे विषय जाणणाऱ्या माणसालाच ठरवावं लागतं.

मराठीत अडचण आणखी वाढते. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण संगणकाच्या पोटात त्याचे संकेत वेगळेच असतात. मग तुलना कशाशी होणार? इंग्रजी ग्रंथाचं प्रकरणच्या प्रकरण भाषांतर करून स्वतःच्या नावावर घातलं, तरी ते बहुधा निसटतं. अशा प्रबंधाचा सॉफ्टवेअरचा अहवाल स्वच्छ येतो. चोरी ओळखू येते ती तो मूळ ग्रंथ वाचलेल्या मार्गदर्शकाला.

गैरसमज ५: यूजीसीच्या यादीतल्या नियतकालिकात छापलं की संशोधन दर्जेदार.

वस्तुस्थिती: या प्रश्नाचा इतिहास पुण्यातच घडला. यूजीसीच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीत पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं शिरली होती. पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर आणि इतर अभ्यासकांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि कुठल्याही मोठ्या सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढली.

त्यानंतर यूजीसी-केअर ही नवी व्यवस्था आली. तिचं काम पुणे विद्यापीठातल्या केंद्रातून चालायचं आणि २०१९ मध्ये तिची यादी जाहीर झाली. पण लबाडांनी यादीतल्या चांगल्या नियतकालिकांचीच नावं आणि आयएसएसएन हे ओळख क्रमांक वापरून हुबेहूब बनावट संकेतस्थळं काढली. अखेर फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ही यादीच बंद केली आणि पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर आणि संशोधकांवर सोपवली. संपादक मंडळ खरं आहे का, लेखाची तज्ज्ञांकडून तपासणी खरोखर होते का, चार दिवसांत स्वीकृती कशी मिळते, हे आता प्रत्येक प्राध्यापकाला स्वतः पाहावं लागेल. ते पाहायला शिकवणं ही प्रशिक्षण केंद्रांची आजची मोठी जबाबदारी आहे.

गैरसमज ६: एआयने लिहिलेलं पकडणारं सॉफ्टवेअर घेतलं की काम झालं.

वस्तुस्थिती: चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच जानेवारी २०२३ मध्ये असं साधन आणलं होतं. कंपनीच्या चाचणीत त्याला एआयच्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के ओळखता आला आणि माणसांच्या ९ टक्के लेखनावर त्याने खोटा शिक्का मारला. अचूकता कमी म्हणून ते जुलैमध्ये मागे घेतलं गेलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्याच वर्षी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले सरासरी ६१ टक्के निबंध त्या साधनांनी एआयचे ठरवले. साधे शब्द, ठरलेली वाक्यरचना हे त्यामागचं कारण. मराठी माध्यमातून आलेली आपली मुलं असंच इंग्रजी लिहितात. यंत्राच्या एका आकड्यावर अशा मुलाला शून्य देणं हा अन्याय आहे.

उपाय प्रश्नपत्रिकेपासून आणि गृहपाठापासून सुरू होतो. 'पेशवेकालीन पुण्यावर निबंध लिहा' असं सांगितलं तर यंत्र क्षणात लिहून देईल. त्याऐवजी विद्यार्थ्याला कसब्यातल्या एखाद्या गल्लीत पाठवा, तिथल्या कारागिराची मुलाखत घ्यायला लावा, टिपणं आणि पहिला कच्चा खर्डा मागा, आणि शेवटी दहा मिनिटं समोर बसवून प्रश्न विचारा. एआय वापरला तर कुठे आणि कशासाठी, हेही लिहून घ्या. अशा कामात नक्कल करणंच कठीण होतं आणि मूल खरोखर काहीतरी शिकतं. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात हे जमवणं सोपं नाही, म्हणूनच ते प्राध्यापकांना कुणीतरी शिकवावं लागतं आणि त्यासाठी वेळ द्यावा लागतो.

प्रामाणिकपणा घरच्या संस्कारातून येतो, असं म्हणून आपण हात झटकतो. पण संदर्भ कसा द्यायचा, दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत मांडताना श्रेय कसं नोंदवायचं, हे कुठल्याही घरात शिकवत नाहीत. ते वर्गातच शिकवायचं असतं. २०१८ चे वाङ्मयचौर्यविषयक विनियम सांगतात की प्रत्येक संस्थेने दर सत्रात यावर जागृतीचे कार्यक्रम घ्यावेत आणि विद्यार्थी, प्राध्यापक, कर्मचारी अशा सगळ्यांना वाङ्मयचौर्य शोधणारी साधनं वापरण्याचं प्रशिक्षण द्यावं. शिक्षेच्या पायऱ्या सगळ्यांना पाठ आहेत. जागृतीचं हे कलम मात्र फारसं कुणी वाचत नाही. पालकांनी, विद्यार्थ्यांनी प्रवेश घेताना निकालाची टक्केवारी जरूर विचारावी. त्यासोबत हेही विचारावं: या सत्रात असा कार्यक्रम कधी झाला, आणि तुमचे प्राध्यापक शेवटचं काय नवीन शिकले? हे प्रश्न दरवर्षी विचारले गेले, तर महाविद्यालयांना उत्तरं तयार ठेवावी लागतील.