बहुरूपी यंत्राची दुबार तयारी

सर्व सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. संगणकाला मात्र दुसऱ्या संगणकाचे सोंग उत्तम आणता येते. ‘क्यूएमू’ ही अशीच एक बहुरूपी आज्ञावली. फ्रान्समधील फाब्रिस बेलार यांनी ती २००३ साली प्रसिद्ध केली. चालू संगणकाच्या पोटात ती निराळ्या प्रोसेसरचा दुसरा संगणक उभा करते. ती मुक्त असल्याने कोणासही वाचता येते व सुधारता येते.

सोंग वठवावयाचे तर आरंभ बिनचूक हवा. खरा प्रोसेसर वीज मिळताच ठरावीक स्थितीत जागा होतो. ही स्थिती सिद्ध करणाऱ्या ओळींना आपण आरंभक्रम म्हणू.

प्रोसेसरांची कुळे वाढली, तसा प्रत्येक कुळाचा आरंभक्रम वेगळा लिहिला गेला. मजकूर बहुतांशी एकच: नाव शोधा, प्रोसेसर निर्माण करा, कामास लावा. अखेर २०१७-१८ मध्ये ही वेगवेगळी कलमे काढून सर्वांसाठी एक सामायिक कलम ठेवण्यात आले. आपल्या नरसिंहपूरला नीरा भीमेस मिळाली, की पुढे एकच पात्र वाहते, तसेच हे झाले.

कोणी विचारील, चालते आहे त्याला हात कशाला लावा? याचे उत्तर असे की, एकच नियम दहा ठिकाणी लिहिलेला असला, तर तो नऊ ठिकाणी सुधारला जातो आणि दहाव्या ठिकाणी जुनाच राहतो. शिवाय अडगळीत काय दडेल याचा नेम नसतो. २०१५ साली याच आज्ञावलीत ‘व्हेनम’ नावाने गाजलेला दोष उघडकीस आला. तो दुबार लिखाणाचा नव्हता. फ्लॉपी चकतीच्या यंत्राचे सोंग आणणाऱ्या, २००४ पासून पडून असलेल्या भागात तो होता. आज एकाच यंत्रावर अनेकांचे आभासी संगणक भाड्याने चालतात. या दोषामुळे एका भाडेकरूला मधली भिंत फोडून मूळ यंत्रात शिरण्याची वाट मिळू शकत होती.

तरीही कात्री सरसकट चालविता येत नाही. निर्मिती एकदाच होते, पुनरारंभ अनेकदा. निर्मितीच्या वेळी सर्व जागा शून्य केलेल्या असतात, म्हणून तेथे पुन्हा शून्य लिहिणे व्यर्थ आहे. पण पुनरारंभाच्या वेळी त्याच जागांत आधीच्या कामाचे अवशेष असतात, व तेथे त्या पुसणे अत्यावश्यक ठरते. यासाठी ओळ काढणाऱ्याने ती कोणत्या वेळी चालते हे आधी पाहावे, आणि काढल्यावर प्रत्येक कुळाचे यंत्र सुरू करून व पुन्हा सुरू करून खात्री करून घ्यावी.