सहाव्या वर्षाची दाढ

मूल सहा वर्षांचे होते, पहिल्या इयत्तेत जाऊ लागते, आणि त्याच सुमारास त्याच्या तोंडात, दुधाच्या दाढांच्या मागे, आणखी एक दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडलेला नसतो, त्यामुळे घरात कोणाचे तिकडे लक्षही जात नाही. पुढे ती किडली, तरी ‘दुधाची आहे, पडेल’ अशा समजुतीने शिकल्यासवरल्या घरांतूनसुद्धा तिची हेळसांड होते. वस्तुतः ती कायमची दाढ होय. ती गेली म्हणजे तिच्या जागी दुसरी यावयाची नाही. तिच्या माथ्यावर खोल चिरा असतात. त्यांत अन्नाचा अंश अडकतो, तोंडातील जंतू त्यातील साखरेचे अम्ल बनवितात, आणि ते अम्ल दाताच्या कठीण कवचातील चुना विरघळवीत जाते. लाळ ही झीज काही वेळाने भरून काढते खरी. परंतु मूल दिवसातून पाच-सहा वेळा चहा-बिस्किटे खात असेल, तर लाळेला तेवढी सवड मिळावी कोठून? साखर किती खाल्ली याइतकाच ती किती वेळा खाल्ली हा प्रश्न महत्त्वाचा आहे, तो याच कारणाने.

शहरातील घरी अशी दाढ ठणकू लागली, तर दोन गल्ल्या ओलांडल्या की दंतवैद्य भेटतो. धाराशिव जिल्ह्यातील कळंब तालुक्यात स्थिती निराळी आहे. मांजरा नदीकाठच्या या तालुक्याच्या गावी दंतवैद्य आहेत, लातूरला दंतमहाविद्यालय आहे. शासकीय दंतमहाविद्यालयासाठी मात्र छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. या भागाची मागासलेपणाची वाट जुनी आहे. मुंबईत नायर दंतमहाविद्यालय १९३३ साली निघाले आणि दंतवैद्यांच्या व्यवसायाचे नियमन करणारा कायदा १९४८ च्या मार्चमध्ये झाला. त्या वेळी कळंब निजामाच्या राज्यात होते, आणि ते त्या राज्यातून मोकळे झाले ते त्याच वर्षीच्या सप्टेंबरात.

तथापि अडचण केवळ अंतराची नव्हे. दसरा-दिवाळीच्या सुमारास या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली आणि घरखर्चात संपलेली. याच तालुक्यात रांजणी येथे साखर कारखाना उभा आहे, तरीही कित्येक कोयते पश्चिम महाराष्ट्राची वा कर्नाटकाची वाट धरतात. फडात कोणाची दाढ दुखू लागली, तर वैद्याकडे जाणे म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीवर चढावयाचे. मग लवंग, वेदनाशामक गोळी, नाही तर मिसरी. दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास १९९२ साली बंदी झाली. परंतु घरच्या तव्यावर तंबाखू भाजून केलेल्या मिसरीपर्यंत कायदा कसा पोचणार? मिसरीने ठणका क्षणभर बधिर झाल्यासारखा वाटतो, हिरड्या मात्र झिजत जातात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. अखेरीस दाढ उपटली जाते. तोपर्यंत मुलाचे जेवण, झोप व शाळा या तिन्ही गोष्टींचे नुकसान झालेले असते.

सरकारने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी व्हावयाची असते, आणि दातांची कीड ही तपासावयाच्या व्याधींपैकी एक आहे. परंतु पथक शाळेत येण्याचा दिवस माघात उजाडला, तर जे मूल आई-बापांबरोबर फडावर आहे त्याचे तोंड कोण पाहणार? जे सापडते, त्याच्या हाती पुढे जाण्याची चिठ्ठी पडते. त्या चिठ्ठीमागे पुन्हा एसटीचे भाडे आणि आईचा बुडालेला रोज उभा असतो. दंतशिबिरांचेही पुष्कळदा असेच होते. मोजणी होते, टूथब्रश वाटले जातात, छायाचित्रे निघतात, आणि कीड होती तेथेच राहते.

यावर तोड निघालेली आहे, आणि ती महागही नाही. १९८० नंतरच्या दशकात आफ्रिकेतील टांझानियात एक पद्धत पुढे आली: वीज नको, फिरते यंत्र नको, हाताच्या बारीक अवजाराने मऊ झालेली कीड खरवडून काढावयाची आणि ती पोकळी दाताला चिकटणाऱ्या, फ्लोराईड झिरपविणाऱ्या सिमेंटने भरावयाची. शाळेच्या बाकावर मूल निजवून हे काम करता येते. दुसरा उपाय चांदी व फ्लोराईड यांच्या द्रावणाचा. जपानात ते १९७० च्या सुमारापासून वापरात आहे. बारीक कुंचल्याने किडीवर लावले की ती बहुधा थांबते; एक-दोन मिनिटांचे काम, सुई नाही, यंत्राचा आवाज नाही. डाग मात्र काळा पडतो. मागच्या दाढेस त्याचे काही वाटू नये. पुढच्या दातांचे असेल तर आईला आधी सांगितले पाहिजे, नाही तर तिचा विश्वास उडेल व पुढच्या खेपेस ती मूल आणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हे द्रावण, ते सिमेंट आणि फ्लोराईडयुक्त टूथपेस्ट या तिन्ही गोष्टी आवश्यक औषधांच्या यादीत घातल्या.

फ्लोराईडविषयी एक सावधगिरी हवी. मराठवाड्यात काही ठिकाणी खोल विंधनविहिरींच्या पाण्यात ते मुळातच अधिक असते. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलेले पाणी लहानपणापासून पोटात जात राहिले, तर दातांवर पांढरे-तपकिरी चट्टे उमटतात आणि पुढे हाडांसही अपाय होतो. म्हणून गावच्या पाण्याची परीक्षा आधी व्हावी. तीन वर्षांखालील मुलाच्या ब्रशावर तांदळाच्या दाण्याएवढी व त्यानंतर वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ती गिळू देऊ नये, थुंकवावी, आणि मग खळखळून चूळ भरण्याची घाई करू नये.

आता प्रश्न उरतो तो दिवस निवडण्याचा. आई-बाप फडावर गेले असता मुले आजी-आजोबांजवळ मागे राहावीत, म्हणून गावोगाव हंगामी वसतिगृहे चालविण्याची योजना आहे. तेथे रात्रीच्या जेवणानंतर ब्रश करण्याची शिस्त सहज लावता येईल. जी मुले बरोबर जातात, त्यांचे पहिलीतले तोंड भाद्रपदात, कोयते निघण्यापूर्वी, तपासले जावे. चिरा बुजवाव्यात, किडीवर लेप द्यावा. दुसरा लेप सहा-सात महिन्यांनी हवा. चैत्री पौर्णिमेस येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा भरते, आणि तोवर बहुतेक टोळ्या परत आलेल्या असतात.